स्कॉटिश मिडफिल्डरची कारकीर्द कशी नोंदवावी

जॉन मॅकगिन या स्कॉटिश फुटबॉलपटूची क्लब कारकीर्द तीन नावांत मावते: सेंट मिरेन, हिबर्नियन, ॲस्टन व्हिला. तो कधी लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडे तात्पुरता उसना, गेला नाही. तरीही मराठी विकिपीडियासाठी किंवा एखाद्या क्रीडा पानासाठी त्याचा तक्ता करायला बसलेला नवखा लेखक तीन-चार ठिकाणी हमखास घसरतो, आणि त्यातली एकही चूक बेरजेची नसते. आकडा बरोबर असतो, तो चुकीच्या रकान्यात पडलेला असतो. म्हणून आकडे गोळा करण्याआधी रकाने ठरवायचे.

आधी सामन्यांची यादी, मग तक्ता

तयार बेरीज कुठूनही उचलू नका. स्प्रेडशीट उघडा आणि प्रत्येक सामन्याला एक ओळ द्या. रकाने असे: तारीख, हंगाम, स्पर्धेचे पूर्ण नाव, फेरी, प्रतिस्पर्धी, सुरुवातीपासून की बदली, गोल, माहिती कुठून घेतली. तारीख आणि हंगाम वेगवेगळ्या रकान्यांत का, ते पुढे येईलच. बाकावर बसून राहिलेला सामना मोजायचा नाही. शेवटच्या मिनिटाला मैदानात उतरला तरी पूर्ण एक सामना धरायचा. पेनल्टी शूटआऊटमधला गोल कुठल्याच बेरजेत येत नाही. १२ नोव्हेंबर २०२० ला बेलग्रेडमध्ये सर्बियाविरुद्ध स्कॉटलंडने शूटआऊट ५-४ जिंकले आणि युरोचे तिकीट मिळवले. त्या पाचांपैकी एक पेनल्टी स्कॉट मॅकटॉमिनेची होती. मजकुरात तिला जागा द्या, गोलांच्या रकान्यात शून्यच राहील.

दोन संकेतस्थळांच्या बेरजेत दोन-चारचा फरक आला, तर सरासरी काढू नका आणि ‘मोठे नाव’ असलेले संकेतस्थळ बरोबर असेही धरू नका. फरक बहुतेक वेळा प्ले-ऑफचा, म्हणजे साखळी संपल्यावर बढतीसाठी किंवा विजेतेपदासाठी होणाऱ्या सामन्यांचा, असतो: एकाने ते सामने लीगमध्ये धरलेले असतात, दुसऱ्याने नाही. एका गोलाचा फरक असेल तर चेंडू कुणाला तरी लागून वळला होता का, ते त्या दिवसाच्या वृत्तांतात पाहा. असा गोल कुणी स्वयंगोल धरतो, कुणी नाही.

लीगचे नाव आणि लीगची पायरी

खरी मेख इथे आहे. स्कॉटलंडमधल्या लीगची नावे वारंवार बदलली, आणि नावावरून पायरी कळत नाही. १९७५ ते १९९८ सगळ्यात वर प्रीमियर डिव्हिजन होती, म्हणजे ‘फर्स्ट डिव्हिजन’ ही दुसरी पायरी. १९९८ मध्ये वरचे क्लब वेगळे होऊन स्कॉटिश प्रीमियर लीग निघाली. फर्स्ट डिव्हिजन दुसऱ्याच पायरीवर राहिली, सेकंड तिसऱ्या, थर्ड चौथ्या. २०१३ पासून चारही पायऱ्या एकाच संस्थेखाली आहेत: प्रीमियरशिप, चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू.

आता मॅकगिनचा डावीकडचा रकाना भरा:

२०१२-१३: सेंट मिरेन, स्कॉटिश प्रीमियर लीग
२०१३-१४ आणि २०१४-१५: सेंट मिरेन, स्कॉटिश प्रीमियरशिप
२०१५-१६ आणि २०१६-१७: हिबर्नियन, स्कॉटिश चॅम्पियनशिप
२०१७-१८: हिबर्नियन, स्कॉटिश प्रीमियरशिप
२०१८-१९: ॲस्टन व्हिला, इंग्लिश चॅम्पियनशिप
२०१९-२० पासून: ॲस्टन व्हिला, इंग्लिश प्रीमियर लीग

एकाच माणसाच्या खात्यात दोन ‘प्रीमियर लीग’ आणि दोन ‘चॅम्पियनशिप’. नुसते ‘चॅम्पियनशिपमध्ये खेळला’ असे लिहिले की वाचक हमखास इंग्लंड समजतो. देशाचे नाव प्रत्येक वेळी लिहा, कंटाळा आला तरी.

याच यादीत आणखी एक गाळीव जागा आहे. २०१८ च्या जुलैत मॅकगिन हिबर्नियनकडून युरोपा लीगच्या पात्रता फेऱ्या खेळला आणि ऑगस्टमध्ये व्हिलात गेला. त्यामुळे २०१८-१९ ला दोन ओळी हव्यात: एक हिबर्नियनची, तिच्यात ‘युरोप’ रकाना भरलेला, दुसरी व्हिलाची. वर मी ती मुद्दामच गाळली आहे, कारण लीगपुरती यादी करणारे नेमके हेच करतात.

सेंट मिरेन २०१५ मध्ये वरच्या लीगमधून खाली घसरले आणि मॅकगिन हिबर्नियनला गेला. म्हणजे ‘वर’ गेला, असे लिहिण्याचा मोह होतो. पण हिबर्नियन त्याआधीच, २०१४ मध्ये, घसरलेले होते. क्लबचे नाव मोठे म्हणून पायरीही वरचीच असते असे नाही.

पाच रकाने पुरतात

लीग, राष्ट्रीय कप, लीग कप, युरोप, इतर. प्रत्येकात सामने आणि गोल. शेवटी एकूण.

राष्ट्रीय कप म्हणजे स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश कप, इंग्लंडमध्ये एफए कप. ‘इतर’मध्ये प्ले-ऑफ, चॅलेंज कप वगैरे जाते. २०१५-१६ च्या एकाच हंगामात हे सगळे रकाने का लागतात ते दिसते. हिबर्नियनने मार्चमध्ये लीग कपची अंतिम लढत रॉस काउंटीकडून १-२ अशी गमावली. प्रीमियरशिपच्या बढतीसाठी ते आधी रेथ रोव्हर्सशी, मग फॉल्कर्कशी प्रत्येकी दोन सामने खेळले आणि फॉल्कर्ककडून हरले. हे चारही सामने ‘इतर’मध्ये. आणि २१ मे २०१६ ला हॅम्पडन पार्कवर रेंजर्सला ३-२ हरवून त्यांनी १९०२ नंतर पहिल्यांदा, ११४ वर्षांनी, स्कॉटिश कप जिंकला. त्या दिवशी दोन्ही संघ दुसऱ्या पायरीवरचे होते. कप जिंकल्यामुळे पुढच्या हंगामात दुसऱ्या पायरीवरचा हिबर्नियन युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरला, म्हणून चॅम्पियनशिपच्या ओळीत ‘युरोप’ रकाना रिकामा ठेवून चालत नाही.

व्हिलाचेही तसेच. २७ मे २०१९ ला वेम्बलीवर डर्बी काउंटीविरुद्ध २-१ ने मिळालेल्या विजयात दुसरा गोल मॅकगिनचा होता. त्या गोलाने क्लब प्रीमियर लीगमध्ये गेला, पण लीगच्या गोलांत तो धरत नाहीत. माहितीचौकटीत (लेखाच्या बाजूच्या चौकटीत) तर फक्त लीगचेच सामने आणि गोल देण्याची प्रथा आहे, त्यामुळे हा गोल तिथे दिसणारच नाही. कुणीतरी येऊन ‘एक गोल राहिला’ म्हणून आकडा वाढवणार हे गृहीत धरा आणि तक्त्याखाली टीप टाकून ठेवा.

चूक पकडण्याची एक सोपी चाळणी: स्कॉटिश प्रीमियरशिपमध्ये १२ संघ असतात, ३३ सामन्यांनंतर वरचे सहा आणि खालचे सहा अशी फाळणी होते आणि आणखी ५ सामने होतात. एकूण ३८. स्कॉटिश चॅम्पियनशिपमध्ये १० संघ, ३६ सामने. इंग्लिश चॅम्पियनशिपमध्ये ४६, प्रीमियर लीगमध्ये ३८. एका क्लबकडून एका हंगामात याहून जास्त लीग सामने दिसले, तर प्ले-ऑफ मिसळले आहेत. हंगामाच्या मध्यात क्लब बदललेल्याची बेरीज मात्र खरोखरच वर जाऊ शकते.

तारीख एक, हंगाम दुसरा

हंगाम जुलैपासून पुढच्या मे-जूनपर्यंत धरतात, पण २०२० ने हे मोडले. २०१९-२० चा स्कॉटिश कप अर्धवट राहिला आणि त्याची अंतिम लढत २० डिसेंबर २०२० ला झाली. सेल्टिकने हार्ट्सला ३-३ नंतर शूटआऊटमध्ये हरवले. त्या सामन्याची तारीख पुढच्या हंगामातली, ओळ मात्र २०१९-२० ची. तारखेवरून आपोआप हंगाम ठरवणारे सूत्र स्प्रेडशीटमध्ये घातले असेल तर इथे फसते. युरो २०२० सुद्धा २०२१ च्या जून-जुलैत झाली. स्पर्धेचे नाव तेच ठेवायचे, वर्षनिहाय तक्त्यात सामने २०२१ मध्ये घालायचे.

राष्ट्रीय संघाचा तक्ता हंगामाचा नाही, कॅलेंडर वर्षाचा करतात. २१ वर्षांखालील संघाचे सामने त्यात मिसळू नका. मॅकगिनचे पदार्पण २९ मार्च २०१६, डेन्मार्कविरुद्ध. गोलांची वेगळी यादी करताना स्कॉटलंडचे गोल नेहमी आधी लिहा: १३ ऑक्टोबर २०१९, सॅन मारिनो, ६-०, तीन गोल.

आणि राष्ट्रीय संघ ‘स्कॉटलंड’, ‘ब्रिटन’ नव्हे. जन्मस्थानावरूनही संघ ठरत नाही: मॅकटॉमिनेचा जन्म इंग्लंडमधल्या लँकेस्टरचा, खेळतो स्कॉटलंडकडून.

लोनच्या ओळी

‘कर्जावर गेला’ असे लिहू नका, वाचकाला बँक आठवते. ‘लोनवर’ सगळ्यांना कळते. माहितीचौकटीत लोनची ओळ मूळ क्लबच्या खाली बाण देऊन लावतात.

सरावासाठी ग्रेग स्ट्युअर्ट घ्या. पुढे सरकून खेळणारा मिडफिल्डर, आपल्याकडे मुंबई सिटीमुळे ओळखीचा. कौडनबीथ, डंडी, मग २०१६ मध्ये बर्मिंगहॅम सिटी. तिथून ॲबर्डीनला लोन, नंतर २०१८-१९ च्या पहिल्या अर्ध्यात किलमार्नॉकला लोन, दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा ॲबर्डीनला. म्हणजे ॲबर्डीनच्या ओळी दोन. दोन्ही एकत्र करून ‘२०१७-१९’ लिहिले की मधले किलमार्नॉक हवेतच लोंबकळते. कौडनबीथने २०११-१२ ची सेकंड डिव्हिजन जिंकली, ती तिसरी पायरी, हे वर सांगितलेल्या हिशेबाने.

त्याच्या भारतातल्या ओळींना वेगळी काळजी लागते. जमशेदपूरने २०२१-२२ ची लीग शील्ड जिंकली, मुंबई सिटीने २०२२-२३ ची, मोहन बागानने २०२४-२५ मध्ये शील्ड आणि आयएसएल (इंडियन सुपर लीग) कप दोन्ही. त्या हंगामांत शील्ड साखळीतल्या अव्वल संघाला मिळायची, कप प्ले-ऑफनंतर. दोन्हींना ‘आयएसएल विजेता’ म्हणून टाकले की मानसन्मानांची यादीच चुकते. शिवाय आयएसएलच्या आकडेवारीत प्ले-ऑफ सहसा धरलेले असतात. स्कॉटलंडच्या ओळींत प्ले-ऑफ बाहेर आणि भारताच्या ओळींत आत, अशी भेसळ टाळायची असेल तर सामने स्वतःच वेगळे करावे लागतात. २०२१-२२ चा हंगाम साथीमुळे सगळाच्या सगळा गोव्यात झाला, तेव्हा जमशेदपूरचा ‘घरचा सामना’ लिहिताना मैदान फातोर्डा, बांबोळी की वास्को ते पाहा. मुंबई सिटीच्या २०२३-२४ च्या एएफसी (आशियाई) चॅम्पियन्स लीग सामन्यांसाठी ‘युरोप’ रकान्याचे नाव ‘खंडीय’ करून टाका, एवढेच.

ज्युनिअर संघ हा वेगळा खण. स्कॉटिश मिडफिल्डर बिली गिल्मर रेंजर्समध्ये घडला, पण त्यांच्या पहिल्या संघाकडून एकही सामना न खेळता २०१७ मध्ये चेल्सीला गेला. रेंजर्स त्याच्या युवा कारकिर्दीत येते, वरिष्ठ यादीत नाही.

जुना खेळाडू असेल तर

१९३९ ते १९४६ दरम्यान स्कॉटलंडमध्ये प्रादेशिक युद्धकालीन लीग चालल्या. ते सामने अधिकृत बेरजेत धरत नाहीत. लीग कप अधिकृतपणे १९४६-४७ पासून. आणि जिम बॅक्स्टर किंवा डेव्ह मॅकाय यांना सरसकट मिडफिल्डर म्हणण्याआधी थांबा. त्यांच्या काळच्या संघयादीत ते ‘लेफ्ट हाफ’ असत. जुनी जागा लिहून मग ‘आजच्या भाषेत मिडफिल्डर’ म्हटले की दोन्ही साधते.

नावे देवनागरीत

स्पेलिंग वाचून लिप्यंतर करू नका, उच्चार ऐका. गॉर्डन स्ट्रॅकन, ‘स्ट्राचन’ नव्हे. सूनेस, ‘सौनेस’ नव्हे. क्लब सेल्टिक, ‘केल्टिक’ नव्हे. शहर एडिनबरा, ‘एडिनबर्ग’ नव्हे. रेथ रोव्हर्सचे गाव कर्कॉडी. स्पेलिंगमधला ‘एल’ बोलत नाहीत. ग्लासगोजवळचे मल्गाय हे स्पेलिंगवरून कुणालाच ओळखता येत नाही.

क्लबचे नाव म्हणजे गावाचे नाव, हेही स्कॉटलंडात चालत नाही. सेंट मिरेन पेझ्लीचा, सेंट जॉन्स्टन पर्थचा, क्वीन ऑफ द साउथ डम्फ्रीसचा, रॉस काउंटी डिंगवॉलचा. डंडी आणि डंडी युनायटेड हे एकाच शहरातले दोन वेगळे क्लब आहेत, स्ट्युअर्ट डंडीचा.

पैसे आणि शेवटची तारीख

बदलीची रक्कम क्लब बहुधा जाहीर करत नाहीत. वृत्तपत्रांत आलेला आकडा ‘बातम्यांनुसार’ असे म्हणूनच द्या, पौंडातच ठेवा. रुपयांतले रूपांतर वर्षभरात शिळे होते. करार संपलेल्या तरुण खेळाडूसाठीही आधीच्या क्लबला प्रशिक्षणाची भरपाई द्यावी लागू शकते, तेव्हा ‘फुकट गेला’ लिहिण्याआधी तपासा.

खेळाडू अजून खेळत असेल तर प्रत्येक तक्त्याखाली ‘अमुक तारखेच्या सामन्यापर्यंत’ अशी ओळ हवी. क्लब आणि देश यांच्या तारखा वेगळ्या ठेवा, कारण ते दोन तक्ते एकाच दिवशी बदलत नाहीत. आकडा वाढवला आणि तारीख तशीच राहिली, तर पुढचा माणूस तोच सामना पुन्हा मिळवतो. म्हणून आधी तारीख बदला, मग आकडा.