कृष्णविवरांच्या क्ष-किरणांचा अभ्यास: खान्देशातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

जळगावला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी प्रकल्पासाठी जीआरएस १९१५+१०५ हे कृष्णविवर निवडले. सोबतच्या ताऱ्यातून ओढला जाणारा वायू त्याच्याभोवती तबकडीसारखा फिरत तापतो आणि क्ष-किरण फेकतो. त्यांची तीव्रता सेकंदाच्या अंशातही बदलते. या अभ्यासासाठी मोठ्या शहरात राहावे लागते, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारताच्या खगोल-निरीक्षण उपग्रहाची निरीक्षणे इस्रोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून कोणालाही उतरवता येतात. त्यावरील लॅक्सपीसी हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडले असून ते टिपलेल्या क्ष-किरणांची वेळ १० मायक्रोसेकंद इतक्या बारकाईने नोंदवते.

मे महिन्यात अमळनेरच्या घरी, ऊन उतरल्यावर, मी त्या फायली रात्री उतरवत असे. उत्साहाच्या भरात पूर्ण निरीक्षणाचे एकदम फूरिए रूपांतर, म्हणजे चढउतारांत दडलेली आवर्तने शोधणारे गणित, केले आणि सुमारे ९८ मिनिटांच्या आवर्तनाचे ठळक शिखर दिसले. दोन दिवस मी ते कृष्णविवराचेच मानले. ते होते उपग्रहाच्या कक्षेचे, कारण प्रत्येक फेरीत पृथ्वी आड येते आणि नोंदीत खंड पडतो. म्हणून आधी सलग नोंदीचे तुकडे पाडावेत, प्रत्येकाचा शक्तिपट (कोणत्या वारंवारतेला किती चढउतार आहे हे दाखवणारा आलेख) वेगळा काढावा आणि मग सरासरी घ्यावी. एकाच तुकड्याच्या शक्तिपटात गोंगाटाचा चढउतार त्याच्या सरासरीइतकाच मोठा असतो, त्यामुळे कोणताही टोकदार बिंदू शोधासारखा भासतो. १०० तुकड्यांच्या सरासरीत तो चढउतार दहाव्या हिश्श्यावर येतो.

माझा आग्रह असा की खऱ्या निरीक्षणाला हात लावण्यापूर्वी संगणकावर पॉयसाँ वितरणाचे, म्हणजे निव्वळ योगायोगाने येणाऱ्या कणांच्या मोजणीसारखे, यादृच्छिक आकडे तयार करून त्यांचा शक्तिपट काढावा. लीही पद्धतीच्या मापनात (शक्तिपटाची मोजपट्टी ठरवण्याची एक रूढ रीत) तो २ च्या आसपास सपाट यायला हवा. तसा आला नाही तर चूक आपल्या आज्ञावलीत आहे. वेळेचे कप्पेही, म्हणजे ज्या छोट्या कालखंडांत क्ष-किरण मोजायचे तेही, विचारपूर्वक ठरवावेत; एका आंदोलनात किमान दोन कप्पे बसायला हवेत: जीआरएस १९१५+१०५ मधील ६७ हर्ट्झचे प्रसिद्ध आंदोलन पाहायचे असेल तर कप्पा सेकंदाच्या १३४ व्या भागाहून लहान हवा.

पहिला स्रोत म्हणून मात्र मी आज सिग्नस एक्स-१ हे दुसरे कृष्णविवर सुचवीन. त्याचा शक्तिपट बहुतांशी रुंद, सलग गोंगाटाचा असतो आणि तो समजायला सोपा जातो, तर जीआरएस १९१५+१०५ च्या चढउतारांचे संशोधकांनी २००० सालीच १२ प्रकार पाडले होते. तरीही तोच घ्यायचा असेल, तर २०१८ नंतर तो बराच मंदावल्यामुळे त्याआधीची निरीक्षणे उतरवावीत.