एलएसटी-३२५ ची तरंगणारी प्रतिकृती: आधी तळ, मग तोफा

सुट्टीतल्या वर्गात मुलं जहाज म्हटलं की आधी तोफा चिकटवायला घेतात. एलएसटीला (लँडिंग शिप, टँक: रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारं जहाज) तोफा शेवटी. रणगाडे पोटात घेऊन हे जहाज थेट वाळूवर चढायचं, आणि ती सगळी करामत तळात आहे.

पण सुरुवातीलाच साल ठरवा. ३२५ फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत १९४२ साली बांधलं. नॉर्मंडीच्या (दुसऱ्या महायुद्धातल्या फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या) चढाईतलं जहाज करायचं तर अंगावर ३२५ आकडा. १९६४ मध्ये ते ग्रीक नौदलाकडे गेलं. तेव्हापासून नाव ‘सीरोस’, आकडा १४४. दोन्हींची सरमिसळ करू नका. मी ग्रीकच करायला लावते. महायुद्ध त्याच्या आयुष्यातली दोन-अडीच वर्षं, ग्रीकांकडे मात्र ते १९९९ पर्यंत राबलं. तोवर टिकलं म्हणूनच पुढच्या वर्षी अमेरिकेचे म्हातारे नौसैनिक ते स्वतः चालवत मायदेशी नेऊ शकले. (आपल्या नौदलाची पहिली ‘मगर’ही १९४९ साली ब्रिटिशांकडून आलेली एलएसटीच, पण वाफेच्या इंजिनांची आणि जास्त लांब. तिला हा आराखडा चालणार नाही.)

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून ३ मिमीचा सनबोर्ड (हलका फोमचा पत्रा) आणा. मूळ जहाज १०० मीटर लांब, सव्वापंधरा मीटर रुंद. १:२०० मापाने ५० सेंमी आणि ७.६ सेंमी. तळ सपाट कापा. त्याच्या वर १ सेंमीवर दुसरा पत्रा बसवा. तो रणगाड्यांचा मजला. मधल्या पोकळीत आडवे पडदे घालून पुढची आणि मागची टाकी वेगळी करा. प्रत्येक टाकीला सलाइनच्या दोन बारीक नळ्या हव्यात, एक सिरिंजने पाणी भरायला-काढायला, एक हवेची. हवेची विसरलात तर सिरिंज ओढलीच जाणार नाही. सांधे ग्लू गनने बुजवा.

आता वजन. खरं जहाज भर समुद्रात सुमारे ४००० टन, किनाऱ्याला लागताना सुमारे २४००. लांबी, रुंदी, उंची तिन्ही २०० पट लहान, म्हणून वजनाला तीनदा २०० ने भागा. म्हणजे आपलं ५०० ग्रॅम आणि ३०० ग्रॅम. कोरडी प्रतिकृती ३०० च्या वर जाऊ देऊ नका, उरलेलं पाणी. किनाऱ्याला लागताना नाळ (पुढचं टोक) ६ मिमी आणि वरामा (मागचं टोक) १५ मिमी बुडायला हवा. तेवढ्या खुणा पक्क्या मार्करने करा.

बाळाच्या टबात पाटावर वाळू पसरून ५० सेंमीला १ सेंमी असा चढ द्या. किनारा जवळ आला की मागचा नांगर सोडा, सिरिंजने पुढची टाकी रिकामी करा. नाळ उचलली जाते, जहाज वाळूवर चढतं. मग नाळेची दारं उघडून रणगाडे उतरायची फळी खाली टाका. परत निघताना नांगराचा दोरा मागून गुंडाळा. दोरा तुटला तर जाड घ्या, हाताने ओढू नका; खरं जहाजही असंच सुटायचं.