विसरणे वाढले, तर शरीरातल्या धातूंची तपासणी कशी करावी

सत्तरी ओलांडलेली आई परवापर्यंत दुधाचा हिशेब, औषधांच्या वेळा आणि नातवंडांचे वाढदिवस चोख सांभाळत होती आणि आज सकाळी तिने चहाच्या आधणात साखरेऐवजी मीठ टाकले, असे घडले की घरातले लोक आधी घाबरतात आणि मग ‘आता वय झाले’ असे म्हणून गप्प बसतात. कृपा करून असे गप्प बसू नका. विसरण्याच्या काही कारणांमध्ये धातूंचा थेट संबंध असतो आणि त्यांतली बरीचशी साध्या रक्ततपासणीत सापडतात व उपचारांनी सुधारतात. त्यासाठी सर्वांत आधी एकच गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे हा बदल दिवसांत झाला, महिन्यांत झाला की वर्षांत.

बदल दोन-चार दिवसांत झाला असेल, तर पहिला संशय सोडियमवर घ्यावा. ‘सोडियम कमी झाले म्हणून अ‍ॅडमिट केले’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले असते, पण सोडियम हाही एक धातूच आहे आणि चेतापेशींमधून धावणारा प्रत्येक विद्युतसंदेश त्याच्या आणि पोटॅशियमच्या ये-जा करण्यावर चालतो, हे सहसा लक्षात येत नाही. रक्तात त्याचे प्रमाण लिटरमागे साधारण 135 ते 145 मिलिइक्विव्हॅलंट असावे लागते. ते बरेच खाली घसरले की माणूस असंबद्ध बोलतो, गुंगीत राहतो, तोल जाऊन पडतो, प्रसंगी त्याला फिट येते. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी थायझाइड गटातली गोळी, नैराश्यावरची काही औषधे, जुलाब-उलट्या किंवा कोणाच्या तरी सांगण्यावरून जेवणातले मीठ पूर्ण बंद करणे, ही वृद्धांमधली नेहमीची कारणे आहेत. अशा वेळी त्याच दिवशी सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि साखर तपासून घ्यावी, कारण कॅल्शियम प्रमाणाबाहेर वाढले तरीही असाच गोंधळ उडतो. मात्र घरच्या घरी मीठपाणी पाजून सोडियम वाढवायला जाऊ नका. ते फार झपाट्याने वाढले, तर मेंदूतील मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते आणि म्हणूनच रुग्णालयात ते चोवीस तासांत ठरावीक मर्यादेतच वाढवले जाते.

बदल काही महिन्यांत हळूहळू झाला असेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12 आणि थायरॉइड या चार तपासण्या करून घ्याव्यात. बी-12 या जीवनसत्त्वाच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा एक अणू बसलेला असतो; ते कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात, चालताना अंधारात तोल जातो आणि स्मरणही मंदावते. शुद्ध शाकाहारी माणसे, मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या रोज घेणारे यांच्यात ही कमतरता विशेष आढळते. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. डोपामिन हे मेंदूतले संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लोह लागते, मज्जातंतूंचे आवरण तयार व्हायलाही लागते, त्यामुळे लोह कमी असलेल्या माणसाचे लक्ष लागत नाही, हा आळस नव्हे. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. आणि साठीच्या पुढच्या माणसात लोह कमी निघाले, तर नुसत्या गोळ्या देऊन थांबू नये; पोटात किंवा आतड्यात कुठे रक्तस्राव होतो आहे का, ते डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

इथे जस्ताबद्दल थोडे सांगणे भाग आहे. स्मरणाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात चेतापेशींच्या जोडांवर जस्त साठवलेले असते, म्हणून ‘जस्त घ्या, स्मरणशक्ती वाढेल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. कोविडच्या काळात 50 मिलिग्रॅमच्या गोळ्या घरोघरी आल्या आणि काही घरांत त्या नंतरही चालू राहिल्या. प्रौढांसाठी दिवसाला 40 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते. दीर्घकाळ जास्त जस्त घेतले, तर आतड्यातून तांबे शोषले जात नाही आणि तांब्याच्या कमतरतेने पाय जड होणे, तोल जाणे अशी बी-12च्या कमतरतेसारखीच लक्षणे दिसतात. औषधांच्या डब्यात अशी गोळी असेल, तर ती कोणी, कधी आणि किती दिवसांसाठी दिली होती, हे आजच शोधून काढा.

आता उलट बाजू पाहू, म्हणजे तांबे साठून राहण्याची. शाळेत हुशार असलेल्या मुलाचे अक्षर अचानक बिघडले, हात थरथरू लागले, बोलणे अडखळले, स्वभाव चिडका झाला, अभ्यास मागे पडला आणि त्यातच कधीतरी कावीळ होऊन गेलेली असली, तर विल्सन आजाराची तपासणी करायलाच हवी. मेंदूविकारतज्ज्ञ किनियर विल्सन यांनी 1912 साली त्याचे वर्णन लंडनमध्ये केले. यकृताला जास्तीचे तांबे पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही आणि ते यकृतात, मेंदूत, डोळ्यांत साठते. बुबुळाच्या कडेला दिसणारे तपकिरी-हिरवट कडे ही त्याची प्रसिद्ध खूण आहे. रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन (तांबे वाहून नेणारे प्रथिन), चोवीस तासांच्या लघवीतील तांबे आणि नेत्रतज्ज्ञांची स्लिट लॅम्प तपासणी एवढ्यावरून निदान बरेच पुढे जाते. 1956 साली डॉ. जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामिन हे तांबे लघवीवाटे बाहेर काढणारे औषध वापरात आणल्यापासून हा आजार उपचारसाध्य झाला, पण औषध जन्मभर घ्यावे लागते. एका मुलाला आजार निघाला, तर सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाला तो असण्याची शक्यता चारात एक असते, त्यामुळे धडधाकट दिसणाऱ्या भावंडांचीही तपासणी करून घ्यावी. अशा घरात तांब्याच्या भांड्यातले पाणी रुग्णाला देऊ नये. इतरांनी त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

शिशाची गोष्ट मात्र वेगळी आहे. लोह, तांबे, जस्त शरीराला लागतात. शिशाचा शरीराला काडीचाही उपयोग नाही. ते कॅल्शियमचे सोंग घेऊन चेतापेशींत शिरते, हाडांत अनेक दशके दडून राहते आणि उतारवयात हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात उतरते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले, पण घरातले रस्ते अजून खुले आहेत. पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच ऑक्साइड असते, म्हणून मारुतीला शेंदूर लावलेली बोटे धुतल्याशिवाय प्रसाद वाटू नये. हळद पिवळीजर्द दिसावी म्हणून हळकुंडांवर लेड क्रोमेट या शिशाच्या पिवळ्या रंगाचा मुलामा देण्याची भेसळ होते. पारदर्शक ग्लासात पाणी घेऊन त्यात हळकुंड टाका आणि लगेच भडक पिवळा रंग सुटला, तर ते वापरू नका. पितळेच्या पातेल्याला कल्हई लावून घेताना समोर उभे राहा. तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट पडून पांढरा धूर निघतो, मग कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने चंदेरी थर फिरवला जातो. ती कांडी शुद्ध कथलाची असावी, शिसे मिसळलेल्या स्वस्त सोल्डरची नसावी. लेबल नसलेल्या पुड्या आणि भस्मे घेऊ नयेत, कारण काही भस्मांचा मूळ घटकच शिसे किंवा पारा असतो. शंका असेल, तर रक्तातील शिशाची तपासणी करावी. डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे निघाले, तर ते कुठून येते हे शोधून थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे.

अ‍ॅल्युमिनियमच्या कढईने अल्झायमर, म्हणजे वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जाणारा स्मृतिभ्रंश, होतो, असा निरोप फोनवर वारंवार फिरतो. ही भीती अगदीच निराधार जन्मलेली नाही, कारण 1970च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातील अ‍ॅल्युमिनियममुळे रुग्णांना खरोखर स्मृतिभ्रंश झाला होता. परंतु तिथे तो धातू आतड्याचा अडसर ओलांडून थेट रक्तात जात होता आणि बाहेर टाकणारी मूत्रपिंडे निकामी होती. स्वयंपाकाच्या भांड्यांमुळे अल्झायमर होतो, हे सिद्ध झालेले नाही. चिंच-आमसुलाचे आंबट पदार्थ त्यात शिजवू नयेत, इतकी काळजी पुरे.

अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत लोह काही ठिकाणी जास्त आढळते, हे खरे आहे. म्हणून शरीरातून धातू खेचून काढणारी औषधे द्यावीत का, तर अजिबात नाही. डेफेरिप्रोन या औषधाने लोह कमी करून पाहिलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झाले आणि त्यात औषध घेणाऱ्यांची बौद्धिक घसरण उलट जास्त वेगाने झाली. तेव्हा ‘डिटॉक्स’च्या सलाइनवर पैसे आणि आशा घालवू नका.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर पहिला बदल कोणत्या तारखेच्या सुमारास दिसला, माणसाने पूर्वी धातूंशी संबंध येणारे कोणते काम केले (वेल्डिंग, बॅटरी, छपाई, मँगनीजची खाण), आणि सध्या चालू असलेली प्रत्येक गोळी, पुडी व काढा लिहून न्या. औषधांचा डबा जसाच्या तसा पिशवीत घाला, चांदीच्या कागदातल्या अर्ध्या फाटलेल्या पट्ट्यांसकट.