जुनी ट्रेल बाइक: मातीत उतरवण्याआधीची कामं

मोठ्या खंडानंतर ऑफ-रोडकडे परतणारे अनेक जण जुनी बाइक घेतात आणि पहिला पैसा सायलेन्सर, हँडलबार आणि स्टिकरवर घालवतात. मग दोन-तीन फेऱ्यांत मागच्या चाकाचं बेअरिंग जातं आणि बाइक रानातून ढकलत आणावी लागते. कामाचा क्रम उलटा ठेवा. आधी बाइक नीट थांबली पाहिजे, मग सरळ चालली पाहिजे, मग इंजिनाकडे वळायचं. ताकद आणि शोभा सगळ्यात शेवटी, तीही पैसे उरले तर.

घेण्याआधी

बाइक बघायला जाल तेव्हा इंजिन थंड हवं, हे आधीच सांगून ठेवा आणि गेल्या गेल्या क्रँककेसला (इंजिनाच्या खालच्या कवचाला) हात लावा. गरम लागलं तर पहिली किक तुमच्यापासून लपवली आहे असं समजा. चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी ताडून घ्या. नंबरावर घासल्याची खूण असेल तर तिथूनच परत फिरा.

मग एअर फिल्टर काढा. कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आतून स्वच्छ बोट फिरवा. बोटाला बारीक माती लागली तर ती इंजिनातही गेली आहे; पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासलेत असं धरूनच भाव करा. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून काटा चढायचा थांबेपर्यंत किक मारा. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष बहुधा रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा. ऑटो डीकॉम्प्रेसर (किक सोपी जावी म्हणून थोडा दाब आपोआप सोडणारी यंत्रणा) असलेल्या फोर-स्ट्रोकमध्ये आकडा मुळातच कमी येतो, त्यामुळे मॅन्युअलमधल्या आकड्याशीच तुलना करा.

इंजिन ऑइल गढूळ, दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. लिक्विड कूल्ड इंजिनात बहुतेक वेळा वॉटर पंपाचं सील फुटलेलं असतं. ते दुरुस्त होतं, पण पाणी किती दिवस आत होतं हे कळत नाही.

बेअरिंगं आणि सांधे

बाइक स्टँडवर चढवून दोन्ही चाकं अधांतरी करा. चाक वरून आणि खालून धरून आलटूनपालटून ओढा. खटखट लागली तर चाकाचं बेअरिंग गेलं. फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. प्ले असेल तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं) सैल आहे. आता हँडल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे अगदी सावकाश फिरवा. बरोबर मध्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर रेसमध्ये (त्या बेअरिंगच्या कड्यांत) खड्डे पडलेत. नट आवळून हा दोष जात नाही, सेट बदलावाच लागतो.

मागे स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आडवा हलवून बघा आणि मग चाक हलकेच वर उचला. शॉकअप दबायच्या आधी चाक थोडं नुसतंच वर येत असेल तर लिंकेज (शॉकअपला स्विंगआर्मशी जोडणारे सांधे) किंवा शॉकअपचं बेअरिंग झिजलंय. लिंकेजकडे सहसा कोणी बघत नाही. ते खाली, चिखलात असतं, त्यावर धुताना प्रेशर वॉशरचा मारा होतो, आणि ग्रीस एकदा वाहून गेलं की बेअरिंगमधल्या सुईसारख्या काड्या (नीडल) गंजतात. मग बोल्ट आतल्या बुशला धरून बसतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा आणि नट परत बोल्टच्या टोकाशी बसवून त्यावर ठोका, म्हणजे आटे चेपणार नाहीत. बसवताना वॉटरप्रूफ ग्रीस भरा आणि आटे भरून कॉपर ग्रीस लावायचं असेल तर तो बोल्ट कोरड्या आट्यासाठी दिलेल्या टॉर्कने (आवळायच्या जोराने) आवळू नका, जास्त ताणला जातो.

जपानी बाइकवरच्या चौकडीच्या स्क्रूंवर छोटा ठिपका असेल तर ते जेआयएसचे (जपानी मानकाचे) आहेत. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. जेआयएसचा बिट आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या; क्रँककेसचे स्क्रू काढताना त्याची किंमत कळते.

ब्रेक

ब्रेक ऑइल कधी बदललं हे विकणाऱ्याला आठवत नसेल तर बदला. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं: नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, ओल धरलेल्याचा १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ब्रेक तापून लिव्हर हँडलपर्यंत येतं ते यामुळे. रिझर्व्हॉयरच्या झाकणावर डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ५ घालू नका, ते सिलिकॉनचं असतं. पॅडवरचा मसाला १ मिमीपर्यंत आला असेल तर पॅड बदला. नवे पॅड बसवण्यासाठी कॅलिपरचे पिस्टन आत ढकलण्याआधी ते पुसून घ्या, नाहीतर सगळी घाण सीलमध्ये जाते.

पेट्रोल, कार्बोरेटर, फिल्टर

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी धरतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉलसकट तळाशी वेगळं बसतं. कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी दिसते ती त्याचीच खूण. टाकीत गंज असेल तर कॉक काढून भोक बंद करा, व्हिनेगर भरून एक दिवस ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि साध्या पाण्याने धुवा. लगेच गरम हवेने वाळवून आतून ऑइलचा पातळ हात द्या. धुतलेलं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होतं.

बाइक चोकवर चालते आणि चोक बंद केला की मरते, हे पायलट जेट (आयडल आणि कमी थ्रॉटलला पेट्रोल सोडणारा कार्बोरेटरचा बारीक भाग) तुंबल्याचं लक्षण. त्याचं भोक अर्ध्या मिमीहूनही लहान असतं. पोलादी तार घालाल तर ते मोठं होईल आणि मिश्रण कायमचं बिघडेल. वायरीतली तांब्याची एक बारीक काडी, कार्बोरेटर क्लीनर आणि दाबाची हवा एवढं पुरतं. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो किती फेऱ्यांवर आहे ते मोजून लिहून ठेवा. सगळं साफ करूनही आयडल वरखाली होत असेल तर इनटेकच्या रबरात चीर शोधा. तिथून इंजिन हवा चोरतं.

फोमचा फिल्टर पेट्रोलने धुऊ नका, चिकटवलेल्या कडा सुटतात. फिल्टर क्लीनर किंवा भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी वापरा आणि पिळू नका, दाबून काढा. पूर्ण वाळल्यावरच फिल्टर ऑइल लावून सगळीकडे सारखा रंग येईपर्यंत चेपत राहा. बसताना टेकणाऱ्या कडेला ग्रीसची रेघ द्या. बोटाने चिवडल्यावर भुगा पडणारा जुना फोम फेकून द्या.

टू-स्ट्रोक असेल तर मिश्रणाचं प्रमाण मॅन्युअलप्रमाणे ठेवा: ४०:१ म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १२५ मिली ऑइल. ‘थोडं जास्त घातलं तर इंजिन सुरक्षित’ हा समज अर्धाच खरा. ऑइल वाढलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण उलट पातळ होतं.

फोर-स्ट्रोकमध्ये टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर तपासा. क्लच ऑइलमध्ये चालतो म्हणून ऑइल जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ दर्जाचंच हवं. मोटारीच्या काही ऑइलांमुळे क्लच घसरतो. बरीच वर्षं उभ्या बाइकचा क्लच चिकटला असेल तर इंजिन गरम करून बंद करा, गिअर टाका, क्लच दाबून बाइक पुढे-मागे ढकला. बऱ्याचदा प्लेटा सुटतात.

चेन, टायर, शॉकअप

मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागे चेन ओढून बघा. अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटं एकत्र बदला. चेनची ढील मोजताना पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ होते, हे लक्षात ठेवा. त्या स्थितीतही थोडी ढील उरली पाहिजे. ताणलेली चेन गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.

टायरवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. रिम लॉक (टायर रिमवर दाबून धरणारा क्लॅम्प) असेल तर मातीवर १२ ते १५ पीएसआय चालते. लॉक नसताना एवढी हवा कमी केली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो. सैल आरा ठोकल्यावर बद्द वाजतो. एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त आवळू नका.

मागची सॅग (वजनाने शॉकअप किती खाली बसतो ते) दोनदा मोजा: एकदा बाइक नुसती उभी असताना, एकदा तुम्ही सगळ्या साहित्यासह बसल्यावर. बसल्यावरची सॅग एकूण हालचालीच्या साधारण एक-तृतीयांश हवी, म्हणजे ३०० मिमी हालचालीला सुमारे १०० मिमी. ती जमवल्यावर नुसत्या बाइकची सॅग जवळजवळ शून्य उरत असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे, प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं) वाढवून उपयोग नाही. मधल्या काळात वजन वाढलेल्यांनी हे आधी तपासावं.

स्वतःची तयारी

जुनं हेल्मेट पुन्हा वापरू नका; हेल्मेट तपासणारी संस्था स्नेल फाउंडेशन ५ वर्षांनी बदलायची शिफारस करतं. बूट वाकवून बघा, तळ कडेने सुटत असेल तर पहिल्याच चढावर हातात येईल. लिव्हर उभं राहून जुळवा: हाताच्या रेषेत, किंचित खाली झुकलेली. त्यांचे क्लॅम्प जोर लावल्यावर फिरतील इतकेच आवळा, म्हणजे पडल्यावर लिव्हर मोडत नाही.

पहिली फेरी तासाभराची आणि सपाट मैदानावरची असू द्या. मनगटाच्या वरचा हात दगडासारखा झाला तर थांबा. पकड घट्ट धरल्याने तसं होतं, आणि मग क्लच वेळेवर दाबता येत नाही. परत आल्यावर बाइक थंड व्हायच्या आत एक्सल नट, स्प्रॉकेटचे बोल्ट, आरे, चेनची ढील आणि गळती तपासा. नव्या स्प्रॉकेटचे बोल्ट पहिल्या फेरीनंतर हमखास सैल मिळतात.