भारतनेटची केबल पंचायतीपर्यंत आली आहे. ती गावाच्या उपयोगात कशी आणावी

महाराष्ट्रातल्या पुष्कळ ग्रामपंचायत कार्यालयांत एका कोपऱ्यात लोखंडी कपाट, त्यात एक छोटी डबी, बॅटरी आणि भिंतीतून आत आलेली बारीक केबल असते. हे सगळे भारतनेटचे, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबर केबलने इंटरनेट नेणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेचे आहे. सरकारी नोंदीत ते गाव ‘सेवासज्ज’ म्हणून मोजले गेलेले असते, पण दाखला काढायला आलेल्या माणसाला मात्र संगणक चालकाच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अवलंबून राहावे लागते. संसदेत दिलेल्या माहितीनुसार जानेवारी २०२५ पर्यंत देशात सुमारे २ लाख १४ हजार ग्रामपंचायती सेवासज्ज झाल्या होत्या आणि या जाळ्यावरच्या घरगुती फायबर जोडण्या सुमारे १२ लाख २१ हजार होत्या. भागाकार केला तर एका पंचायतीमागे सहा घरेसुद्धा येत नाहीत. केबल पोहोचवणे हे सरकारचे काम होते आणि ते बऱ्याच अंशी झाले आहे. ती चालू ठेवून घेणे आणि पुढे वाड्यावस्त्यांपर्यंत नेणे हे गावाने लेखी मागितल्याशिवाय होत नाही, हा माझा अनुभव आहे. ते कसे मागावे, हे येथे क्रमाने सांगतो.

धोरणाची माहिती अर्ज लिहिण्यापुरती तरी हवी. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मान्यता दिली आणि २०१५ मध्ये त्याचे नाव भारतनेट झाले. खर्च सार्वत्रिक सेवा दायित्व निधीतून होत होता. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून वसूल होणाऱ्या या निधीला २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर ‘डिजिटल भारत निधी’ म्हणतात. पहिला टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये १ लाखाहून अधिक ग्रामपंचायतींवर पूर्ण झाला. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतले, आणि महाराष्ट्रात ते महाआयटी या राज्य सरकारच्या माहिती तंत्रज्ञान कंपनीमार्फत ‘महानेट’ या नावाने झाले. ४ ऑगस्ट २०२३ रोजी १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. त्यातील तीन तरतुदी गावाने लक्षात ठेवाव्यात: तालुका ते पंचायत ही एकेरी केबल बदलून वर्तुळाकार जोडणी करणे, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा सुरू राहते, जाळ्याची १० वर्षे देखभाल, आणि पंचायतीचे मुख्यालय नसलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांना मागणीनुसार जोडणी. ‘मागणीनुसार’ या शब्दाकडे पुढे पुन्हा येऊ.

आता कामाला सुरुवात करू. सर्वात आधी कपाट उघडून डबीवरचे दिवे पाहावेत. ही डबी म्हणजे ओएनटी, म्हणजे केबलमधून आलेल्या प्रकाशाचे इंटरनेटमध्ये रूपांतर करणारे यंत्र. एकही दिवा लागलेला नसेल तर प्रश्न विजेचा आहे आणि तो बहुधा गावातच सुटतो. एका पंचायतीत आम्ही तालुक्याला दोन महिने तक्रारी करत होतो, आणि शेवटी पंख्यासाठी कोणीतरी डबीची पिन काढून ठेवल्याचे निघाले. ‘लॉस’ असे इंग्रजीत लिहिलेला दिवा लाल असेल तर प्रकाश डबीपर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी केबल तुटली आहे, सांधा निकामी झाला आहे किंवा तालुक्याच्या केंद्रातले यंत्र बंद आहे. ‘पॉन’चा हिरवा दिवा सतत लुकलुकत असेल तर प्रकाश येतो आहे, पण तालुक्याच्या यंत्राकडे डबीची नोंद होत नाही, डबी बदलल्यानंतर नवी नोंद करायची राहिली की असे होते. हा दिवा स्थिर हिरवा असूनही संकेतस्थळ उघडत नसेल, तर केबल ठीक आहे आणि दोष सेवेच्या मांडणीत, बँडविड्थमध्ये किंवा थकलेल्या बिलात आहे. या चार स्थितींची चार वेगवेगळी कारणे असतात आणि दुरुस्तीला येणारी माणसेही वेगळी असतात. ‘नेट बंद आहे’ एवढेच कळवले तर तक्रार टेबलावरून टेबलावर फिरत राहते. ‘लॉसचा दिवा लाल, वीज चालू’ असे कळवले तर निदान योग्य माणूस निघतो. एक खबरदारी घ्यावी: डबीतली पिवळी केबल ओढू नये, तिला बोटाभोवती गुंडाळल्यासारखा घट्ट वळसा देऊ नये, आणि काढलेल्या टोकात डोळा लावून पाहू नये, कारण त्यातला प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला इजा करू शकतो.

दुसरे काम साध्या शंभर पानी वहीचे आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त परिणाम याच कामाचा होतो. कामाच्या दिवशी सकाळी ११ आणि दुपारी ४ वाजता संगणक चालकाने किंवा शिपायाने दिव्यांची स्थिती लिहून सही करायची. नोंद अशी असते: ‘सोमवार, सकाळी ११. वीज आहे. पॉवर हिरवा, पॉन बंद, लॉस लाल. तक्रार केली, क्रमांक लिहून घेतला. दुपारी ४, स्थिती तीच.’ वेग मोजायचा असेल तर वायफायवर मोजू नये; डबीला थेट केबलने जोडलेल्या संगणकावर मोजावा, आणि तोही त्याच ओळीत लिहावा. जानेवारी २०२३ पासून देशात किमान २ एमबीपीएस वेगाच्या जोडणीलाच ब्रॉडबँड म्हणतात, त्यामुळे त्याखालचा वेग लाल शाईने लिहायला हरकत नाही. तीन महिन्यांनी या वहीतून ‘कामाच्या ७० दिवसांपैकी सेवा चालू २३ दिवस’ असे एक वाक्य काढता येते, आणि ते वाक्य कोणत्याही निवेदनापेक्षा जड असते. राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियानाच्या जानेवारी २०२५ मधील दुसऱ्या पर्वात २०३० पर्यंत २ लाख ७० हजार गावांपर्यंत फायबर आणि ९५ टक्के वेळ सेवा चालू, असे उद्दिष्ट आहे. आपली वही याच उद्दिष्टाशेजारी ठेवायची आहे.

यानंतर आपली जोडणी कोणाच्या अखत्यारीत आहे, हे लेखी मिळवावे. पहिल्या टप्प्यातील गावांची केबल केंद्राच्या भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेडची होती. त्या कंपनीचे बीएसएनएलमध्ये विलीनीकरण करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला आणि सुधारित कार्यक्रमाची प्रकल्प व्यवस्थापन संस्थाही बीएसएनएलच आहे. दुसऱ्या टप्प्यातील गावांसाठी महाआयटीकडे विचारणा करावी लागते. कोणता टप्पा हे कपाटावरच्या पट्टीवरून बहुधा कळते. पट्टी निघाली असेल तर दोन्हीकडे पत्र द्यावे, आणि गटविकास अधिकारी व जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना प्रत द्यावी.

पत्राला उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरावा. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस, हे दोन्हीकडे सारखेच. मात्र केंद्राच्या नियमांत अर्ज साधारण ५०० शब्दांपर्यंत चालतो आणि महाराष्ट्राच्या नियमांत एका विषयावर १५० शब्दांची मर्यादा आहे. म्हणून महाआयटीकडे जाणारा अर्ज आटोपशीर असावा. ‘आमच्या गावात नेट का नाही’ असा प्रश्न विचारू नये, कारण ‘का’चे उत्तर अभिलेखात नसते. अभिलेखच मागावा: आमची ग्रामपंचायत सेवासज्ज म्हणून कोणत्या तारखेला दाखवली त्याची नोंद, यंत्रसामग्री ताब्यात दिल्याच्या पावतीची प्रत, गेल्या बारा महिन्यांतील सेवा खंडित झाल्याचा महिनावार तपशील, आणि देखभाल करणाऱ्या ठेकेदाराबरोबरच्या करारातील दुरुस्तीची मुदत व दंड यांच्या पानांच्या प्रती. शेवटची मागणी विसरू नये. दुरुस्ती किती तासांत करायची आणि न केल्यास किती कपात, हे हातात आले की पुढचे प्रत्येक पत्र त्या कलमाचा हवाला देऊन लिहिता येते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करावे.

हे सगळे एकट्या माणसाने करण्यापेक्षा ग्रामसभेच्या ठरावाच्या आधाराने करावे. विषय सभेत ऐनवेळी मांडला तर तो चर्चेत विरून जातो. तेव्हा नोटीस निघण्याआधीच सरपंच आणि ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांच्याकडे विषय लेखी देऊन पोच घ्यावी. ठरावाचा मसुदा साधारण असा असावा: ‘ग्रामपंचायत कार्यालयातील भारतनेट जोडणी सोबतच्या नोंदवहीनुसार मागील तीन महिन्यांत बहुतांश दिवस बंद होती. ती पूर्ववत करावी; पंचायतीअंतर्गत खालील वाड्यांना सुधारित भारतनेट कार्यक्रमाखाली मागणीनुसार फायबर जोडणी द्यावी; आणि गावातील शासकीय माध्यमिक शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्र यांना जोडणी द्यावी, अशी ही ग्रामसभा एकमताने मागणी करते.’ शाळा आणि आरोग्य केंद्राचा उल्लेख मुद्दाम आहे: ग्रामीण भागातल्या सर्व शासकीय माध्यमिक शाळांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना भारतनेटवर ब्रॉडबँड देण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आहे. ज्या संस्था गावात नाहीत, त्यांची नावे अर्थात काढून टाकावीत.

वाड्यांचा मुद्दा कोकणात, मेळघाटात आणि सह्याद्रीच्या खोऱ्यांत फार महत्त्वाचा आहे. गट ग्रामपंचायतीत तीन-चार महसुली गावे आणि दहा-बारा वाड्या असतात, केबल मात्र मुख्यालयाच्या गावात येऊन थांबते. ‘मागणीनुसार’ याचा अर्थ असा की मागणीची नोंद नसलेले गाव आपोआप यादीत येईल, असे धरून चालू नये. म्हणून ठरावासोबत प्रत्येक वाडीचे नाव, घरांची संख्या, पंचायतीपासूनचे अंतर आणि जोडणी घ्यायला तयार असलेल्या कुटुंबांच्या सह्या असा तक्ता जोडावा. महसुली गावाचा जनगणना संकेतांक लिहिला तर सारख्या नावाच्या गावांचा घोळ टळतो.

जोडणी एकदा चालू झाली की तिचा सर्वात मोठा शत्रू जेसीबी असतो. रस्ता रुंदीकरण, जलजीवनची पाइपलाइन, गटार, अशा प्रत्येक खोदकामात नारंगी पाइप वर येतो आणि तुटतो. येथे पंचायतीच्या हातात खरा अधिकार आहे, कारण गावाच्या हद्दीतल्या बऱ्याच कामांना तिची परवानगी लागते. परवानगीपत्रातच अट घालावी की खोदकामाआधी ठेकेदाराने ‘कॉल बिफोर यू डिग’ या केंद्र सरकारच्या ॲपवर सूचना द्यावी, मार्गावर पंचायतीचा माणूस हजर ठेवावा आणि केबल तुटल्यास दुरुस्तीचा खर्च भरावा. हे ॲप मार्च २०२३ पासून आहे, पण तालुक्याच्या ठेकेदारांपैकी अनेकांनी ते उघडूनही पाहिलेले नसते. केबलचा मार्ग माहीत असलेला एखादा माणूस गावात असतोच, बहुधा खोदाईच्या वेळी मजुरीला गेलेला. त्याला बरोबर घेऊन मार्ग चालावा आणि गावनकाशावर उमटवून कार्यालयात लावावा. सांध्यांचे खड्डे कुठे आहेत, हे तर नक्की लिहावे, कारण दुरुस्तीला आलेल्या पथकाचा अर्धा दिवस ते शोधण्यातच जातो.

विजेबद्दल थोडक्यात सांगायचे तर डबीसाठी वेगळा प्लग ठेवून त्यावर ‘बंद करू नये’ अशी पट्टी लावावी, आणि कपाटातली बॅटरी निकामी झाली असेल तर नव्या बॅटरीची तरतूद ग्रामपंचायत विकास आराखड्यात करावी.

घरोघरी जोडणी देण्यासाठी सुधारित कार्यक्रमात भारतनेट उद्यमी ही व्यवस्था आहे. गावातला किंवा परिसरातला केबल व्यावसायिक पंचायतीपासून घरापर्यंतची केबल टाकतो, तक्रारी पाहतो आणि बिलाच्या महसुलात वाटा घेतो. गावातला एखादा आयटीआय झालेला मुलगा किंवा मुलगी हे काम घेऊ इच्छित असेल तर बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी, आणि करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी वाचून घ्याव्यात: महसुलाचा वाटा किती दिवसांनी जमा होतो, घरातली डबी कोणाच्या मालकीची राहते, आणि मुख्य केबल बंद असताना ग्राहकाच्या बिलाचे काय होते. तिसऱ्या मुद्द्यावर स्पष्टता नसली तर गावकऱ्यांचा राग त्या मुलावर निघतो, आणि एकदा बंद केलेली जोडणी लोक पुन्हा घेत नाहीत. ज्या वाडीत घरोघरी जोडणी परवडत नाही तेथे पीएम-वाणीचा विचार करावा. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत किराणा दुकानदारही परवान्याशिवाय आपल्या जोडणीवरून सार्वजनिक वायफाय विकू शकतो.

घरगुती ग्राहकाने दोष फोनवर सांगून थांबू नये. तक्रार क्रमांक घ्यावा, तो त्याच वहीच्या मागच्या पानांवर नोंदवावा, आणि तक्रार न सुटता बंद केली गेली तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. प्रत्येक ग्रामसभेत इतिवृत्त वाचून झाल्यावर वहीतली मागच्या तीन महिन्यांची बेरीज मोठ्याने वाचावी आणि तिची प्रत त्याच दिवशी गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवावी.