सामूहिक कामाची कालरेषा आखताना या चुका टाळा

इंदूरमधील अनेक मराठी मंडळे गणेशोत्सवाचे नियोजन आता एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये रंगीत पट्ट्यांची कालरेषा आखून करतात, आणि ही पद्धत खरोखरच उपयोगी आहे. तरीही ऐनवेळी धावपळ होते, कारण बहुतेक कालरेषांमध्ये प्रत्येक कामाची तारीख असते, पण कोणते काम कोणत्या कामावाचून सुरूच होऊ शकत नाही याची नोंद नसते. हेन्री गँट यांच्या नावाने ओळखला जाणारा पट्ट्यांचा तक्ता विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रूढ झाला; कामांच्या परस्परावलंबनावरून सर्वांत लांब साखळी शोधण्याची ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत मात्र १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीतील कामातून आकाराला आली. आपल्या मंडळांच्या तक्त्यांत नेमका हा दुसरा भाग राहून जातो.

उत्सवाच्या स्मरणिकेचे उदाहरण घ्यावे. छपाई फर्म्यांच्या, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचांच्या, हिशेबाने होत असल्यामुळे पृष्ठसंख्या ठरल्याशिवाय मांडणी पक्की करता येत नाही, आणि पृष्ठसंख्या जाहिराती किती मिळाल्या यावर ठरते. सोळा पानी फर्मा धरला तर चौसष्ट पाने चार फर्म्यांत नेमकी बसतात. त्यानंतर आलेल्या दोन पानांच्या जाहिरातींसाठी एकतर मजकूर कापावा लागतो किंवा जादा पानांचा खर्च सोसावा लागतो. असे असूनही ‘जाहिराती’ आणि ‘मांडणी’ या पट्ट्या तक्त्यात शेजारीशेजारी, एकाच पंधरवड्यात दाखवलेल्या असतात. त्या दोहोंमध्ये बाण काढला असता, तर जाहिराती स्वीकारण्याची शेवटची तारीख ही साऱ्या स्मरणिकेचीच कळीची तारीख आहे, हे कार्यकारिणीला पहिल्याच बैठकीत दिसले असते.

म्हणून आखणी शेवटाकडून सुरू करावी. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. हाताशी चार दिवस राखून ठेवले, तर छपाई आणि बांधणी ९ सप्टेंबरपर्यंत संपली पाहिजे. त्यासाठी दहा दिवस धरल्यास ३१ ऑगस्टला सर्व पाने प्रेसमध्ये हवीत. मुद्रितशोधनाच्या दोन फेऱ्यांना आठ दिवस आणि मांडणीला सात दिवस दिले, की जाहिराती १५ ऑगस्टला बंद कराव्या लागतात. त्यातच राखीपौर्णिमा २८ ऑगस्टला, म्हणजे मुद्रितशोधनाच्या ऐन दिवसांत येते, आणि त्या सुमारास बरेच जण गावाला जातात. हे सारे गेल्या वर्षीचा तक्ता उघडून त्याच तारखा पुढे चालवल्याने कळणार नाही: २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, आणि अधिक ज्येष्ठामुळे २०२६ मध्ये ती अठरा दिवसांनी पुढे गेली आहे.

पट्टीपुढे ‘समिती’ असे लिहू नये. एकाच व्यक्तीचे नाव लिहावे.

काम किती झाले हे टक्क्यांत विचारणे, ही मला सर्वांत घातक वाटणारी सवय आहे. ‘नव्वद टक्के झाले’ हे उत्तर तीन आठवडे तसेच राहू शकते, आणि ते देणारा खोटे बोलत असतो असेही नाही. उरलेले लेख हे नेहमी सर्वांत उशिरा येणारे लेख असतात. त्याऐवजी मोजता येईल असे विचारावे: किती लेख हाती आले, किती जुळणीला गेले, किती तपासून परत आले. हे आकडे दर रविवारी एकाच माणसाने तक्त्यात भरावेत आणि मूळ तारीख न पुसता नवी तारीख तिच्या शेजारी लिहावी. तारीख खोडून पुढे सरकवली की उशीर कोठे सुरू झाला, हे शोधताच येत नाही.

उशीर झालाच, तर आधी तो कळीच्या, म्हणजे परस्परावलंबी कामांच्या सर्वांत लांब, साखळीतल्या कामाला झाला आहे का, ते पाहावे. सजावटीच्या सामानाला मोकळीक असेल, तर दोन दिवस मागे पडल्याने काही बिघडत नाही. साखळीतलेच काम रखडले असेल, तर नवी माणसे जोडण्यापूर्वी थांबून विचार करावा, कारण मुद्रितशोधनाला अचानक चार जण बसवले की ऱ्हस्वदीर्घाचे चार वेगवेगळे निर्णय होतात आणि ते जुळवण्यात आणखी एक फेरी जाते. अशा वेळी उशिरा आलेले लेख वगळून पाने ठरल्या दिवशी प्रेसकडे द्यावीत, आणि त्या लेखकांना तसे त्याच दिवशी फोन करून कळवावे.