लॅटिनमधलं ‘उत’ दिसलं की आधी क्रियापद शोधा

लॅटिन वाक्यात ‘उत’ आलं की लगेच अर्थ लावू नका. त्या उपवाक्याचं क्रियापद बहुधा शेवटी असतं, तिथपर्यंत जा आणि त्याचं रूप पाहा.

क्रियापद साध्या विधानाचं, म्हणजे इंडिकेटिव्ह असेल तर ‘उत’चा अर्थ ‘जसं’ किंवा ‘जेव्हा’. ‘उत विदेस’ म्हणजे ‘तू पाहतोसच तसं’. सब्जंक्टिव्ह, म्हणजे इच्छा-शक्यता अशा अर्थांचं रूप असेल तर हेतू किंवा परिणाम. ‘वेनिओ उत विदेआम’: मी पाहायला येतो.

हेतू की परिणाम, हे ठरवायला मुख्य वाक्यात ‘ताम’, ‘इता’, ‘तान्तुस’ असे ‘इतका’ अर्थाचे शब्द शोधा. सापडले तर बहुतेक वेळा परिणाम. नकारात तर फरक उघडच दिसतो: हेतूला ‘ने’, परिणामाला ‘उत नोन’. (भीतीच्या क्रियापदांनंतर मात्र उलटं, ‘ने’ असूनही अर्थ होकारी: ‘तिमेओ ने वेनिआत’ म्हणजे ‘तो येईल अशी भीती वाटते’.)

खरी अडचण रूप ओळखण्यात येते. वर्तमान सब्जंक्टिव्हमध्ये पहिल्या गणात (गण म्हणजे सारखी रूपं होणाऱ्या क्रियापदांचा गट) ‘आ’चा ‘ए’ होतो, ‘आमात’चं ‘आमेत’. बाकीच्या गणांत ‘आ’ येतो: ‘विदेआत’, ‘दूकात’, ‘आउदिआत’. पण ‘दूकेत’ हे तिसऱ्या गणाचं भविष्यकाळी रूप, दिसायला अगदी ‘आमेत’सारखं! म्हणून क्रियापद पाठ करताना त्याचा गणही पाठ करा. नुसत्या प्रत्ययावर विसंबू नका. भूतकाळी ‘विदेरेत’ सोपं आहे, मूळ ‘विदेरे’ला प्रत्यय जोडला की झालं.